वगळलेले अभ्यास

सुकापूरला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. पनवेल स्टेशनातून नवीन पनवेलच्या बाजूला उतरायचं आणि माथेरान रस्त्याची रिक्षा धरायची. आता इथे इतक्या इमारती उभ्या राहिल्या आहेत की हे मुळात गाव होतं, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. पण आसपासच्या गावांत भाताची कापणी उरकली की आजही मोकळ्या शेतातली धसकटं काढून, पाणी मारून, माती चोपून कबड्डीचं मैदान तयार होतं. थंडीचे दोन-तीन महिने शनिवार-रविवारी रात्री मोठ्या दिव्यांच्या उजेडात सामने चालतात, लाउडस्पीकरवर समालोचन घुमतं आणि सोमवारी सकाळी माझ्या दाराशी लंगडणाऱ्यांची रांग लागते.

काही वर्षांपूर्वी त्या रांगेत एकोणीस वर्षांचा एक चढाईपटू होता. मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला आम्ही हॅमस्ट्रिंग म्हणतो, एकाच हंगामात दुसऱ्यांदा दुखावलेला. सोबत त्याला शिकवणारे दादा. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मी मुलाला पालथं झोपवून तपासत होते तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही सांगितलंत तसं पोरं सामन्याआधी पंधरा मिनिटं स्ट्रेचिंग करतात. एक दिवस चुकवत नाहीत. मग हे परत परत कसं होतं?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी काहीतरी उत्तर ठोकून दिलं असतं. पंधरा-सोळा वर्षं मी गावोगावच्या संघांना हेच सांगत आले होते : खेळण्याआधी स्नायू ताणा, तीस-तीस सेकंद धरून ठेवा, दुखापत टळते. मला ते माझ्या शिक्षकांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या शिक्षकांनी. पुस्तकात चित्रांसकट छापलेलं होतं. ते खरं आहे का, असं मी कुणाला विचारलं नव्हतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या प्रश्नामागे माझं पुढचं दीड वर्ष गेलं. या लेखात कबड्डी पुष्कळ येईल, पण तो कबड्डीवरचा लेख नाही. एखादी गोष्ट 'संशोधनाने सिद्ध झाली आहे' असं आपण म्हणतो तेव्हा ते संशोधन गोळा कोणी केलं, कसं केलं आणि गोळा करताना काय बाहेर ठेवलं, याबद्दल तो आहे.

आधी या क्षेत्राविषयी थोडं. अमेरिकेत 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' असा स्वतंत्र पेशा आहे. नावावरून वाटतो तसा हा व्यायाम करवून घेणारा प्रशिक्षक नव्हे. दुखापत होऊ नये म्हणून झटणारा, झालीच तर मैदानात सगळ्यात आधी धावणारा आणि खेळाडू पुन्हा उतरेपर्यंत त्याच्यामागे असणारा हा माणूस. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली आणि तिचं स्वतःचं संशोधन-नियतकालिक आहे. आपल्याकडे हेच काम थोडं फिजिओथेरपिस्टकडे, थोडं शाळेतल्या पी.टी.च्या सरांकडे, थोडं तालमीतल्या वस्तादांकडे आणि बरंचसं हाडवैद्याकडे वाटलेलं आहे. म्हणून आपल्याकडे ज्ञान नव्हतं असं मात्र नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले खेळ दाखवले. जे ठाऊक आहे ते जमवण्यात आपण कमी पडलो नाही. पण जमवलेल्यातलं काय खरोखर उपयोगी पडतं, हे ताडून पाहण्याचं काम वेगळं असतं.

त्या कामाला 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हणतात, मराठीत पद्धतशीर आढावा. 'पद्धतशीर' या शब्दाने फारसा बोध होत नाही, म्हणून या अंकाच्या वाचकांना जवळचं उदाहरण देते. दिवाळी सरली की वर्तमानपत्रांत दिवाळी अंकांचा आढावा येतो. लिहिणाऱ्याच्या टेबलावर पंधरा-वीस अंक आलेले असतात. त्यातले त्याला भावलेले चार लेख, दोन कथा. मित्राची कविता असेल तर एक वाक्य जास्त. वाचायला छान असतं आणि त्यात कुणाला फसवण्याचा हेतू नसतो. पण 'यंदाची मराठी कथा कशी आहे?' या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. तसं उत्तर हवं असेल तर त्या समीक्षकाने एकही अंक उघडण्याआधी काही गोष्टी लिहून जाहीर करायला हव्यात : यंदा निघालेले सगळे अंक मी कोणकोणत्या याद्यांवरून शोधीन, कथा कशाला म्हणेन आणि कशाला नाही, चांगल्या कथेच्या कसोट्या कोणत्या धरीन. मग तीच सगळी कथा दुसऱ्या एका वाचकानेही स्वतंत्रपणे, त्याच्याशी न बोलता वाचायची. मतभेद झाला तर तिसऱ्याकडे जायचं. शेवटी घेतलेल्या कथांची यादी द्यायची आणि सोडलेल्यांचीही, सोडण्याच्या कारणासकट. मित्राची कथा घेतली असेल किंवा वैऱ्याची टाकली असेल, तर ते वाचकाला दिसलं पाहिजे.

वैद्यकातले आढावे बराच काळ पहिल्या प्रकारचेच होते. सिंथिया मुलरो यांनी १९८७ साली मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांतले पन्नास आढावा-लेख तपासले, तेव्हा माहिती कशी शोधली आणि कशी निवडली हे धड सांगणारा लेख जेमतेम एक निघाला. म्हणजे नामवंत तज्ज्ञ आपापल्या टेबलावर आलेल्या कागदांवरूनच बोलत होते.

वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकत्र करून पाहण्याची कल्पना मात्र जुनी आहे आणि तिचा एक धागा हिंदुस्थानातूनही जातो. टायफॉइडची लस सैनिकांना द्यावी की नाही, हा ब्रिटिश सैन्यापुढचा प्रश्न होता. कार्ल पिअरसन यांनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या आणि इथल्या पलटणींचे आकडे एकत्र मांडले. निकाल ठिकठिकाणी इतके वेगळे निघाले की त्यांनी सरसकट लस देण्याची शिफारस केली नाही, आधी नीट चाचणी करा म्हणाले. अशा हिशेबाला 'मेटा-अ‍ॅनॅलिसिस' हे नाव १९७६ मध्ये जीन ग्लास या मानसशास्त्रज्ञाने दिलं. पुढे आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ साली आपल्याच व्यवसायाला खडसावलं : प्रत्येक शाखेत झालेल्या सगळ्या चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा काढून तो वेळोवेळी अद्ययावत ठेवायची व्यवस्था आपल्याकडे नाही, ही लाजेची गोष्ट आहे. त्यांच्या नावाची संस्था १९९३ मध्ये ऑक्सफर्डला उभी राहिली.

त्या संस्थेच्या बोधचिन्हातच या सगळ्याचं कारण आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात आईला आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं तयार होतात, हे दाखवणारी पहिली चाचणी १९७२ साली न्यूझीलंडमध्ये झाली. पुढे आणखी झाल्या. काही लहान होत्या, एकट्याने बघितलं तर 'नक्की सांगता येत नाही' असं म्हणणाऱ्या. त्यांचा नीट एकत्र हिशेब प्रसिद्ध व्हायला दशक उलटून गेलं आणि तोपर्यंत बहुतेक डॉक्टर हे इंजेक्शन देत नव्हते. उत्तर कपाटांत विखरून पडलं होतं. बोधचिन्हावरच्या आडव्या रेषा म्हणजे त्या चाचण्या आणि खालचा छोटा चौकट त्यांची बेरीज. आयसीएमआरने २००७ मध्ये वर्गणी भरून कॉक्रन लायब्ररी भारतातल्या कुणालाही इंटरनेटवर वाचायला खुली केली. मी ती उघडली ती दादांच्या प्रश्नानंतर. इतकी वर्षं ती माझ्या टेबलापासून दोन बोटांवर होती.

स्ट्रेचिंगवर तिथे एक आढावा आहे. विषय दुखापतीचा नाही, व्यायामानंतर अंग दुखतं त्याचा आहे. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत बारा अभ्यास घेतलेले आहेत. त्यांतला एक मोठा, २३७७ माणसांचा. बाकीच्या अकरांत ताण देणाऱ्या गटात दहा ते तीस माणसं. निष्कर्ष असा की व्यायामाआधी ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं शंभर गुणांच्या मापावर सरासरी अर्ध्या गुणाने कमी होतं, व्यायामानंतर दिल्यास एका गुणाने. शंभरातला अर्धा गुण! मोजायचं यंत्र असेल तर तो सापडेल, माणसाला कळणार नाही.

दुखापतीचं काय? ऑस्ट्रेलियन सैन्यात भरती झालेल्या १५३८ जणांवरची एक चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली होती. निम्म्या जणांनी व्यायामाआधी पायाचे स्नायू ताणले, बाकीच्यांनी नाही. दोन्ही गटांतल्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग २०१४ साली लॉरसेन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी दुखापत टाळण्याच्या व्यायामांवरच्या २५ चाचण्या एकत्र केल्या. खेळाडू २६,६१०, दुखापती ३,४६४. स्ट्रेचिंगचा लाभ दिसला नाही. ताकदीच्या व्यायामाने मात्र दुखापती एक-तृतीयांशाहून खाली आल्या.

मी तो तक्ता रात्री उशिरा पाहिला आणि लॅपटॉप बंद केला. पंधरा वर्षांत किती मुलांना मी रांगेत बसवून मांड्या ताणायला लावल्या असतील, याचा हिशेब करत बसले. त्यांचं नुकसान झालं का? बहुधा थेट नाही. पण जी पंधरा मिनिटं मिळत होती ती मीच वाया घालवत होते. शेतावरून, दुकानातून, कंपनीच्या पाळीवरून धावत आलेल्या मुलाकडे मुळात पंधराच मिनिटं असतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या दिवशी मी त्या आढाव्यात खुसपटं शोधू लागले. सैनिक म्हणजे खेळाडू नव्हेत. तिकडचे फुटबॉलपटू म्हणजे आमची मुलं नव्हेत. कबड्डीत झोक देऊन पाय लांबवावा लागतो, तिथे लवचिकपणा लागतोच. हे मुद्दे चुकीचे नव्हते. पण मी ते शोधत होते कारण मला निकाल आवडला नव्हता. निकाल आवडला असता तर यातला एकही मुद्दा मला सुचला नसता. नियम आधी लिहून ठेवायचे ते याच माणसाला आवरायला, आणि तो माणूस माझ्या आत बसलेला होता.

मग ठरवलं, आपल्या मातीतल्या खेळांचा आढावा आपणच घ्यायचा. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्यांत व्यायामाच्या कार्यक्रमाने मांडीच्या आणि गुडघ्याच्या दुखापती कमी होतात का? सोबतीला माझ्याकडे काम करणारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. चिकाटीने आणि थोड्या हट्टाने काम करणारी. नियम आम्ही आधी लिहून काढले. जगात असे आराखडे आगाऊ नोंदवण्यासाठी यॉर्क विद्यापीठाची प्रॉस्पेरो ही नोंदवही २०११ पासून आहे. नंतर मुक्कामाचं ठिकाण बदललं तर निघतानाचा पत्ता सगळ्यांना दिसतो.

शोधायला बसल्यावर पहिला फटका स्पेलिंगचा. रोमन लिपीत कबड्डी एक 'बी' आणि दोन 'डी', दोन 'बी' आणि एक 'डी', दोन्ही दुहेरी, दोन्ही एकेरी अशी सगळ्या तऱ्हांनी लिहिली जाते. खो-खो मध्ये आडवी रेघ घालून, न घालता, जोडून. जुन्या लेखात हुतुतू. एकाच स्पेलिंगने शोधलं तर तुमच्या आढाव्यात जगातली निम्मी कबड्डी येतच नाही आणि ती आली नाही हे तुम्हाला कळतही नाही. दुसरा फटका प्रबंधांचा. आपल्याकडचं बरंच काम नियतकालिकांत छापलं जात नाही. विद्यार्थी पदव्युत्तर प्रबंध लिहितात, तो काळ्या पुठ्ठ्यात बांधला जातो आणि ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर जातो. पीएच.डी.चे प्रबंध निदान शोधगंगेवर सापडतात. बाकीच्यांसाठी आम्ही कॉलेजांच्या ग्रंथालयांत गेलो, स्टुलावर चढून पुठ्ठे काढले, धुळीने शिंकलो. या फळीचं महत्त्व सांगणारा एक शब्दप्रयोग रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९७९ साली रूढ केला : टेबलाच्या खणाचा प्रश्न. ज्या प्रयोगांत फरक दिसला ते छापून येतात, ज्यांत दिसला नाही ते खणात जातात. छापलेलं तेवढंच वाचणाऱ्याला मग जगात सगळेच उपाय लागू पडतात असं वाटतं.

त्या फळीवर माझा स्वतःचा प्रबंध होता.

वीस वर्षांपूर्वीचा. कबड्डीपटूंना सहा आठवडे स्ट्रेचिंगचा कार्यक्रम, दोन गट, प्रत्येकी वीस मुलं. निष्कर्षाच्या पानावर 'कार्यक्रम परिणामकारक आहे' असं ठळक अक्षरांत. मला विसर पडला होता असं नाही. पण शोधाच्या यादीत तो येईल आणि कुणीतरी त्याची तपासणी करील, हे मी मनात आणलं नव्हतं. नियमाप्रमाणे दोघींनी स्वतंत्रपणे तपासायचं होतं. स्वतःचा अभ्यास मी तपासणं योग्य नव्हतं, म्हणून तो एका तिसऱ्या सहकाऱ्याला दिला. फिजिओथेरपीच्या चाचण्या जोखायला सिडनीहून चालणारी पेड्रो नावाची एक माहितीपेढी आहे, तिची दहा गुणांची पट्टी आम्ही लावत होतो. गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का? नाही, हजेरीपटावरच्या सम-विषम क्रमांकांनी पाडले होते, म्हणजे पुढचा मुलगा कुठल्या गटात जाणार हे मला आधीच माहीत होतं. मोजणाऱ्याला गट ठाऊक होते का? मोजणारी मीच होते. सोडून गेलेल्या मुलांचं काय केलं? उल्लेख नाही. माझ्या सहकारीने दहापैकी तीन गुण दिले आणि तिसऱ्या परीक्षकानेही तीनच. ती मला म्हणाली, "मॅडम, मी परत एकदा बघू का?" मी म्हटलं, नको.

तिने न विचारलेला प्रश्न आणखी वाईट होता. त्या प्रबंधात मी मुळात तीन गोष्टी मोजल्या होत्या : लवचिकपणा, धावण्याचा वेग आणि त्या हंगामातल्या दुखापती. लवचिकपणा वाढला होता. वाढणारच, सहा आठवडे ताणलं की वाढतो. दुखापतींत फरक नव्हता. मार्गदर्शकांनी सुचवलं, दुखापतींचा तक्ता काढून टाक, आकडे लहान आहेत, परीक्षक उगाच धरतील. मी काढला. त्यांना वाईट हेतू नव्हता. मुलीचा प्रबंध सुरळीत जावा एवढंच. पण तो तक्ता राहिला असता तर पुढची पंधरा वर्षं मी स्वतःच्याच पुराव्याविरुद्ध बोलत फिरले नसते.

थोडा दिलासा एका वेगळ्या आढाव्यातून मिळाला. मुरगळलं की बर्फ लावा, हा नियम आपण सगळे पाळतो. आमच्या सामन्यांत तर गोळेवाल्याच्या गाडीवरून बर्फ येतो. आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, ही चौकडी १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केली आणि २०१४ मध्ये त्यांनीच बर्फाविषयीचं आपलं मत बदललं. बर्फावरच्या २२ चाचण्यांचा ब्लीकली आणि सहकाऱ्यांनी २००४ साली आढावा घेतला तेव्हा पेड्रोच्या पट्टीवर त्यांची सरासरी ३.४ आली होती. म्हणजे मी जगाच्या सरासरीपासून फार लांब नव्हते!

आता मूळ प्रश्न. आमच्या हाती जे आलं त्याची बेरीज करता आली का? नाही. बरेचसे लेख म्हणजे पाहण्या : इतक्या खेळाडूंपैकी इतक्यांचा गुडघा, इतक्यांचा घोटा. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी कबड्डीपटूंच्या गुडघ्यांवर २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखासारखं काम मोलाचं आहे. पण रुग्णालयात पोचलेल्यांवरून मैदानावरच्या सगळ्यांचा अंदाज बांधता येत नाही. मोठ्या रुग्णालयापर्यंत जाणारा गुडघा हा मोडलेला असतो, पैसे जमवू शकणाऱ्या घरातला असतो किंवा ज्याची नोकरी खेळावर आहे अशा खेळाडूचा असतो.

शिवाय 'दुखापत' म्हणजे काय यावरच एकमत नाही. फुटबॉलने २००६ मध्ये व्याख्या ठरवून घेतली. आमच्याकडे हळदीचा गरम लेप लावून, वर क्रेप बँडेज गुंडाळून पुढच्या सामन्याला उतरणारा मुलगा जखमी धरायचा की नाही? एका लेखात धरलेला, दुसऱ्यात नाही. मग दोघांच्या आकड्यांची बेरीज म्हणजे शेर आणि लिटर एकत्र करणं.

सगळ्यात मजेशीर अडचण वेळेची निघाली. जगभर दुखापतींचं प्रमाण खेळण्याच्या दर हजार तासांमागे मोजतात. फुटबॉलमध्ये हिशेब सरळ आहे : अकरा खेळाडू, दीड तास. कबड्डीत सात खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. पण बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि आपल्या संघाने गडी टिपला की परत येतो. सात गुणिले चाळीस मिनिटं हा हिशेब चूक. हरणाऱ्या संघाचे खेळाडू जास्त वेळ बाहेर असतात, पण जे एकटे-दुकटे आत उरतात त्यांच्यावर भार जास्त असतो. चांगला चढाईपटू आत जास्त वेळ, पकडींच्या ढिगाखाली जास्त वेळा. आम्ही वाचलेल्या लेखांपैकी एकातही हा वेळ मोजलेला नव्हता. परदेशी पद्धत उचलली, पण आपल्या खेळाचा नियम तिच्यात बसत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याही आलं नव्हतं; आकडेमोड करताना दादांनीच सहज विचारलं, "बाद झालेला धरलात का?"

तर आमचा आढावा अशा जागी येऊन थांबला : उत्तर देण्याइतका पुरावा नाही. पद्धतशीर आढाव्यात हे उत्तर सन्माननीय असतं. दुर्दैवाने ते छापायला कुणी उत्सुक नसतं आणि लिहिणाऱ्यालाही त्याचा मोह नसतो. म्हणून सध्या उलटी गोष्ट जास्त दिसते. जॉन इओआनिडिस यांनी २०१६ साली लिहिलं की असे आढावे आता घाऊक प्रमाणात निघतात आणि त्यांतले बरेचसे अनावश्यक किंवा दिशाभूल करणारे असतात. आपल्याकडेही कोविडच्या काळात रुग्ण मिळेनात तेव्हा पुष्कळ विद्यार्थ्यांना आढाव्याचा विषय देण्यात आला, जणू तो घरबसल्या दोन महिन्यांत उरकायचा प्रकार आहे. तपशील लिहिण्यासाठी प्रिझ्मा नावाची सत्तावीस कलमांची यादी आहे. ती भरली की काम नीट झालं असं वाटतं. यादी भरता येते. विचार केला आहे का, हे यादीला कळत नाही.

आढावे एकमेकांशी भांडतातही. दादांच्या मुलाला खरंतर ज्याचा उपयोग होईल असं मला वाटत होतं तो व्यायाम म्हणजे 'नॉर्डिक' : गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि पाठ सरळ ठेवून शक्य तितकं हळू पुढे झुकत जमिनीकडे यायचं. व्हॅन डाइक आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली १५ अभ्यास, ८,४५९ खेळाडू एकत्र करून सांगितलं की या व्यायामाचा समावेश असलेल्या कार्यक्रमांनी हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात. मी खुश झाले. मग २०२१ मध्ये इम्पेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी तेच अभ्यास पुन्हा उघडले. त्यांचं म्हणणं, यांतल्या कित्येकांत नॉर्डिक एकटा नव्हता. उड्या, तोल, धावणं अशा मोठ्या कार्यक्रमातलं ते एक कलम होतं. मिसळीची चव फरसाणामुळे आली की कटामुळे, हे पूर्ण प्लेट खाऊन सांगता येत नाही. फक्त नॉर्डिकचे आणि चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास घेतले तर निष्कर्ष ठामपणे काढता येत नाही. अभ्यास जवळपास तेच, फक्त काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं याचा नियम वेगळा, आणि उत्तर बदललं. मला दुसरा हिशेब जास्त पटतो. तरी मी मुलांना नॉर्डिक करायला सांगते, कारण त्याला खर्च नाही, धोका फार नाही आणि पारडं त्या बाजूला झुकलेलं आहे. फक्त 'सिद्ध झालंय' हा शब्द मी वापरत नाही.

हे सगळं घेऊन मी दादांकडे गेले. गणपतीनंतरचे दिवस होते, पाऊस ओसरत आला होता, शाळेच्या वर्गाबाहेरच्या पडवीत मुलं सराव करत होती. मी सांगितलं, दुखापत टळेल म्हणून ताण देणं बंद करा. आवडत असेल तर सराव झाल्यावर करा. आधीच्या पंधरा मिनिटांत हळू धावणं, दिशा बदलणं, छोट्या उड्या, खोटी चढाई. आठवड्यातून दोनदा नॉर्डिक आणि बैठका, सुरुवातीला थोड्या. त्यांनी विचारलं, "याने होणार नाही ना परत?" मी म्हटलं, "कमी होईल असं वाटतं. खात्री नाही."

ते थोडा वेळ मुलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं तर खात्रीने सांगत होतात."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग मी त्यांना माझ्या प्रबंधातल्या काढून टाकलेल्या तक्त्याविषयी सांगितलं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "मग आता लिहून ठेवायचं का आपण? सगळंच?"

तेव्हापासून एक वही आहे. साधी, लांबट, दुकानात उधारीसाठी मिळते तशी. सरावाच्या आणि सामन्याच्या प्रत्येक दिवशी ती भरली जाते. कोण आलं, किती वेळ खेळलं, कुणाला काय लागलं, किती दिवस बाहेर बसलं. सामन्यात गुणलेखकाच्या शेजारी एक मुलगी बसते, त्या चढाईपटूची धाकटी बहीण, बारावीला आहे. तिच्या मोबाइलवर घड्याळ चालू असतं. खेळाडू बाद झाला की ती त्याच्या नावापुढे वेळ लिहिते, आत आला की पुन्हा लिहिते. एका गावातल्या एका संघाच्या वहीने काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. शेजारच्या दोन गावांतल्या संघांनी यंदा तशीच वही घेतली आहे. आमचा आढावा अजून अपुराच आहे. त्यातल्या 'वगळलेले अभ्यास' या तक्त्यात माझ्या प्रबंधाचं नाव आहे आणि पुढे कारणाच्या रकान्यात माझ्या सहकारीने लिहिलंय : गट यादृच्छिक नाहीत, दुखापतींची नोंद उपलब्ध नाही.

मागच्या फेब्रुवारीत एका सामन्याच्या मध्यंतरात ती मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. कोपऱ्यातल्या गड्याचा घोटा मुरगळला होता, घरून हळदीचा लेप आला होता आणि तो दुसऱ्या डावात उतरायला निघाला होता. "ताई, हळद लावून खेळला तर दुखापत लिहायची की नाही?" आम्ही दोघींनी दिव्याच्या खांबाखाली बसून पट्टीने आणखी एक रकाना आखला.